सोयरिकीतले छत्तीस गुण

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं गाव. तालुका झरी जामणी. पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणारी रेल्वे इथून जाते. जमिनीत चुनखडी असल्यामुळे सिमेंटचा कारखाना आला आणि त्याच्याबरोबर बाहेरगावची माणसंही आली. बाकी शिवार कापसाचं. अशा गावात आणि त्याच्या आसपास लग्न जमवताना काय काय जुळवलं जातं, हे पाहू लागलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते. सगळे लोक एकच गोष्ट जुळवत नाहीत.

गोंड कुटुंबात पहिला प्रश्न देवांचा असतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची विभागणी आहे. एकाच संख्येचे देव मानणारे ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये राहून ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात ही व्यवस्था तपशिलानं नोंदवली. कुणबी-मराठ्यांत देवक पाहतात. सारखं देवक निघालं की बोलणी तिथंच थांबतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारलेल्या समाजात पत्रिकेचा प्रश्न येऊ नये अशी अपेक्षा आहे. आणि ज्या घरांत पत्रिका पाहतात तिथं साक्षगंधाआधी मुलाकडून एक टिपण येतं, मुलीकडून एक जातं, आणि महाराज पंचांग उघडून विचारतात, ‘एकनाड तर नाही ना?’

या प्रकरणात आपण हे पंचांगातलं जुळवणं खोलात जाऊन पाहणार आहोत. या आकड्यावर महाराष्ट्रात दरवर्षी कितीतरी चांगली स्थळं मोडतात, आणि हा आकडा येतो कुठून हे मोडणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

गुणमेलनात दोन माणसांच्या पूर्ण पत्रिका एकमेकींशेजारी ठेवतात, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात गुणमेलनाला पत्रिकेतली एकच गोष्ट लागते: जन्माच्या वेळी चंद्र कुठं होता. गुरू, शनी, रवी, लग्न यांतलं काहीही छत्तीस गुणांत मोजलं जात नाही. आकाशातल्या चंद्राच्या वाटेचे २७ समान भाग केले की एकेक नक्षत्र १३ अंश २० कलांचं होतं. त्याच वाटेचे १२ भाग केले की ३० अंशांची एकेक रास होते. सव्वादोन नक्षत्रांची एक रास, म्हणून नऊ नक्षत्रं दोन राशींत विभागली जातात. कृत्तिकेचा पहिला चरण मेषेत, उरलेले तीन वृषभेत, तसं. सत्तावीसात या नवांची भर घातली की ३६ तुकडे होतात. पंचांगातलं गुणमेलनाचं कोष्टक म्हणजे या ३६ तुकड्यांचा उभा आणि आडवा तक्ता. त्यात १२९६ चौकोन. वधूची ओळ, वराचा स्तंभ, दोन्ही जिथं भेटतात तिथला आकडा वाचायचा.

चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. आपल्या देशात रोज साठ हजारांहून जास्त मुलं जन्मतात. म्हणजे एखाद्या दिवशी मुकुटबनात जन्मलेली मुलगी आणि त्याच दिवशी चेन्नईत, जम्मूत, इम्फाळमध्ये जन्मलेल्या हजारो मुली गुणमेलनाच्या दृष्टीनं बहुधा एकाच चौकोनातल्या. त्यांचं घर, शिक्षण, स्वभाव, तब्येत काहीही असो, एखाद्या मुलाशी त्यांचे गुण तेवढेच जुळणार.

आता छत्तीस कसे होतात ते पाहू. आठ कूटं आहेत आणि त्यांना चढत्या क्रमानं गुण दिले आहेत: वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. एक ते आठची बेरीज ३६. त्यात अठरा जुळले की चालतं. काशीच्या राम दैवज्ञांनी इ.स. १६००च्या सुमारास रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त ही आठ कूटं याच चढत्या मांडणीनं येतात, आणि पुढं पंचांगांनी ती घरोघरी पोचवली. नाडी आठ गुणांची का आणि वर्ण एकाचा का, याला अनुभवाची कुठलीही मोजदाद दिलेली नाही. गुणांची ही उतरंड मोजून मिळालेली नाही, ती ठरवून दिलेली आहे.

पहिलंच कूट वर्णाचं. कर्क, वृश्चिक, मीन या राशी ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. नियम असा की मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा असावा. मुलीचा वर असला तर गुण शून्य. एकाच गुणाचा मामला आहे म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण ज्या समाजानं हे कोष्टक बनवलं त्याची माणसांकडे पाहण्याची सगळी दृष्टी या एका गुणात दिसते: राशींनाही जात आहे आणि बायको नवऱ्यापेक्षा वरचढ असता कामा नये. १८७३ साली जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं भटजीविना लग्नं लावायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा रोख नेमका अशा उतरंडीवर होता.

वश्य आणि तारा यांच्यावर फारसं काही मोडत नाही. योनी कूटात प्रत्येक नक्षत्राला एक प्राणी दिला आहे. असे चौदा प्राणी आणि त्यांची सात वैरं: गाय-वाघ, साप-मुंगूस, मांजर-उंदीर, कुत्रा-हरीण, घोडा-म्हैस, हत्ती-सिंह, वानर-मेंढा. ग्रहमैत्रीत दोघांच्या राशिस्वामींचं पटतं का ते पाहतात. गणात देव, मनुष्य, राक्षस असे तीन वर्ग, प्रत्येकात नऊ नक्षत्रं. राक्षसगणाच्या मुलीचं टिपण पुढं करताना आईवडील कसे चाचरतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या तीन अक्षरी शब्दाची ताकद सांगायला नको. मघा, चित्रा किंवा विशाखा नक्षत्रावर जन्मली एवढाच त्या मुलीचा अपराध.

खरी मोडतोड शेवटची दोन कूटं करतात. भकूटात दोघांच्या राशींमधलं अंतर मोजतात. दुसरी-बारावी, पाचवी-नववी, सहावी-आठवी असं नातं आलं तर सातही गुण जातात. नाडीत सत्तावीस नक्षत्रं आद्य, मध्य, अंत्य अशा तीन गटांत नऊ-नऊ विभागलेली आहेत. दोघांची नाडी एक आली तर आठही गुण जातात. या दोन्ही कूटांत मधलं काही नाही, एक तर सगळे नाही तर शून्य. छत्तीसांतले पंधरा गुण अशा दोन खटक्यांवर अवलंबून आहेत. गणित अगदी साधं आहे. तीन गट, प्रत्येकात नऊ नक्षत्रं, म्हणजे कुठल्याही जोड्या घेतल्या तरी साधारण दर तीन जोड्यांपैकी एकीला एकनाड लागणारच. भकूटात तर बारांपैकी सहा नाती वाईट ठरवली आहेत, म्हणजे निम्म्या जोड्या. एवढ्या मोठ्या प्रमाणात येणारा दोष टाळायचा तर लग्नं जमणंच कठीण, म्हणून मग अपवाद आले: नक्षत्र एक पण चरण वेगळा असेल तर एकनाड नाही, राशिस्वामी एकच असेल तर षडाष्टक, म्हणजे सहावी-आठवीचं नातं, चालतं, वगैरे. नाडीदोष ब्राह्मणांपुरताच आहे असं सांगणारं वचनही जुन्या परंपरेत आहे. म्हणून स्थळ हवं असेल तेव्हा अपवाद सापडतो आणि नको असेल तेव्हा दोष. ‘पत्रिका जमत नाही’ हे नकार देण्याचं सभ्य कारण झालं आहे हे सगळे जाणतात, पण ज्या मुलीला ते अनेकदा ऐकावं लागतं तिच्या मनावर ते खऱ्या दोषासारखंच बसतं.

एक उदाहरण घेऊ. मुलगी रोहिणीच्या दुसऱ्या चरणातली, रास वृषभ. मुलगा श्रवणाच्या चौथ्या चरणातला, रास मकर. दोघांची नाडी अंत्य, आठ गेले. वृषभेपासून मकर नववी, नवपंचम, म्हणून सात गेले. पंधरा गुण पहिल्या झटक्यात साफ. हे सोलापूरच्या दाते पंचांगावरून. आता पुण्याचं टिळक पंचांग उघडा. लोकमान्य टिळकांना मान्य असलेल्या पद्धतीत राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापासून धरतात. दाते आणि बहुतेक इतर पंचांगं चित्रा ताऱ्याचा आधार घेतात. केंद्र सरकारनं मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीनंही १९५५च्या अहवालात चित्रेचीच बाजू घेतली. दोन्ही पद्धतींत जवळजवळ चार अंशांचा फरक पडतो, आणि नक्षत्राचा एक चरण तर तीन अंश वीस कलांचाच असतो. त्यामुळे दाते पंचांगाप्रमाणे श्रवणाच्या चौथ्या चरणात असलेला चंद्र टिळक पंचांगाप्रमाणे धनिष्ठेत जातो. धनिष्ठेची नाडी मध्य. मुलगी चार अंश पुढं सरकूनही रोहिणीतच राहते. एकनाड सुटली, आठ गुण परत आले. पण धनिष्ठा राक्षसगणी आणि श्रवण देवगणी. म्हणजे मुलगा तोच, आईबाप तेच, जन्माचा क्षण तोच, आणि सोलापूरच्या पंचांगात देवगणी असलेला पोरगा पुण्याच्या पंचांगात राक्षसगणी.

यात कुठलंच पंचांग खोटं बोलत नाही. दोन्ही ग्रहगणित चोख करतात. शंकर बाळकृष्ण दीक्षितांपासून व्यंकटेश बापूजी केतकरांपर्यंत मराठी माणसांनी या गणितासाठी आयुष्यं वेचली आणि त्या परंपरेचा अभिमान वाटावा असंच ते काम आहे. चंद्र कुठं होता हे सांगणं खगोलशास्त्र आहे, ते तपासता येतं. चंद्र तिथं होता म्हणून संसार कसा होईल हे सांगणं वेगळा दावा आहे, आणि तो पहिल्याच्या पुण्याईवर चालतो.

ज्यांच्या जन्मवेळेची नोंदच नाही त्यांचं काय? झरी जामणीसारख्या भागात मागच्या पिढीतली बहुतेक बाळंतपणं घरी झाली. तारीखसुद्धा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. अशा वेळी नावरास धरतात. विमल नावाची बाई ‘वि’वरून रोहिणीची ठरते. खरं तर जन्मनक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायचं अशी मूळ रीत. इथं आजीनं आवडीनं ठेवलेल्या नावावरून चंद्राची जागा ठरते. तरीही कोष्टकातून आकडा येतो आणि लोक तो तेवढ्याच श्रद्धेनं ऐकतात.

जन्मवेळ मिळाली तरी ती घड्याळाची, भारतीय प्रमाणवेळेची. ती ८२.५ रेखांशाची आहे. मुकुटबन त्याच्या पश्चिमेला असल्यामुळे तिथली सूर्यावरची वेळ सुमारे चौदा-पंधरा मिनिटं मागं असते, मुंबईची एकोणचाळीस. गुणमेलनाला याचा फारसा फरक पडत नाही, मंगळाला पडतो.

मंगळ छत्तीस गुणांच्या बाहेरचा, पण धाक त्याचाच जास्त. लग्नकुंडलीत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ आला की पत्रिका मंगळाची. बारांपैकी पाच घरं. कुठलाही ग्रह बारापैकी एका घरात असणारच, म्हणजे शंभरांतल्या साधारण बेचाळीस माणसांना मंगळ असणार. चंद्राकडूनही मंगळ पाहिला तर तिघांतले दोघं सापडतात. दक्षिणेत दुसरं स्थानही धरतात, तिथं निम्मे लोक मंगळाचे. पेनगंगा ओलांडून आदिलाबादेत गेल्यावर मुलीला मंगळ लागू शकतो आणि परत आल्यावर सुटू शकतो. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते, त्यामुळे वेळ दहा मिनिटं चुकली तरी सीमेवरच्या पत्रिकेत मंगळ घर बदलतो. ज्या दोषाची व्याप्ती निम्म्या माणसांपर्यंत पोचते, तो दोष म्हणून निरुपयोगी आहे. निम्मी जनता जोडीदाराच्या जिवावर उठलेली असती तर ते कुठल्याही गावाच्या मृत्यूच्या नोंदवहीत दिसलं असतं.

हे तपासून पाहिलं गेलं आहे का? पाहिलं आहे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना ज्योतिषाबद्दल आस्था होती. त्यांनी ४८३ विवाहित जोडप्यांच्या कुंडल्या तीन खेपांत ताडून पाहिल्या आणि १९५२ साली निष्कर्ष छापले. पहिल्या खेपेत रवी-चंद्र युती जास्त दिसली, दुसरीत चंद्र-चंद्र, तिसरीत चंद्र-लग्न. सगळं एकत्र केल्यावर काहीच उरलं नाही. बर्नार्ड सिल्व्हरमन यांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या २,९७८ लग्नांच्या आणि ४७८ घटस्फोटांच्या नोंदी राशींशी लावून पाहिल्या, संबंध आढळला नाही. डेव्हिड व्होआस यांनी २००७ मध्ये इंग्लंड-वेल्सच्या २००१च्या जनगणनेतून एक कोटी जोडपी घेतली. राशी ‘जुळणाऱ्या’ जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या नाहीत. एवढ्या मोठ्या संख्येत ग्रहांचा अगदी हलका हात असता तरी दिसला असता.

या पाश्चात्त्य राशी, आपल्या नव्हेत, असं कुणी म्हणेल. म्हणून पुण्यातला प्रयोग महत्त्वाचा. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी तो केला आणि २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या जन्मवेळांवरून पत्रिका बनवल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पाठवल्या: कुठली कुणाची ते ओळखा. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं दिली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के भरलं, छापा-काटा करून येईल तेवढंच. हा प्रयोग लग्नाचा नव्हता. पण बुद्धीसारखी ठळक गोष्ट ज्या पत्रिकेतून कळत नाही, तिच्यातून दोन माणसांचं वीस वर्षांनंतरचं सूत कसं कळणार, हा प्रश्न त्यातून अटळपणे उभा राहतो.

न्यायालयांपुढंही हा विषय आला आहे. लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले आणि मग पत्रिका जुळत नाही म्हणून माघार घेतली, अशा प्रकरणात आरोपीची दोषमुक्तीची मागणी मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये फेटाळली. पत्रिकेची सबब पुढं करून वचनातून सुटता येणार नाही, हा त्याचा अर्थ. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं एक तरुणी मंगळाची आहे का ते लखनौ विद्यापीठाच्या ज्योतिष विभागाकडून तपासून घ्या असा आदेश दिला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सुट्टीच्या काळात तातडीनं सुनावणी घेऊन ३ जून रोजी त्याला स्थगिती दिली. १९५५चा हिंदू विवाह कायदा वय विचारतो, जवळचं रक्ताचं नातं विचारतो, संमती विचारतो. गुण किती हे विचारत नाही.

आता एकनाडीकडे पुन्हा वळू. तिच्याबद्दल एक गैरसमज अलीकडे फार पसरला आहे, आणि मुकुटबनच्या परिसरात तो खरंच घात करणारा आहे. नाडी म्हणजे रक्तगट, पूर्वजांना हे विज्ञान माहीत होतं, म्हणून एकनाड टाळायची, असं सुशिक्षित लोकही सांगतात. हे चूक आहे. रक्तगट आईबापांकडून येतो, चंद्राकडून नाही. एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात जन्मलेल्या दोन बाळांची नाडी बहुधा एक असते आणि रक्तगट वेगळे असू शकतात. शिवाय नवराबायकोचा रक्तगट सारखा असण्यानं कसलंही नुकसान होत नाही. काळजी घ्यायची ती आई आरएच निगेटिव्ह आणि वडील आरएच पॉझिटिव्ह असताना, आणि त्यावर अँटी-डी नावाचं इंजेक्शन आहे.

पण रक्ताची एक तपासणी अशी आहे की ती विदर्भाच्या या भागात प्रत्येक सोयरिकीआधी व्हायला हवी. ती सिकलसेलची. भारतात हा आजार १९५२ मध्ये नोंदला गेला आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात गोंड, कोलाम, परधान अशा आदिवासी समाजांत आणि इतरही अनेक समाजांत हे जनुक आहे. ज्याच्याकडे ते एकाच पालकाकडून आलं तो वाहक. तो सहसा ठणठणीत असतो, त्याला स्वतःला कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता असते की मूल सिकलसेलचं रुग्ण होईल. त्या मुलाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडं असह्य दुखतात, रक्त पुन्हा पुन्हा कमी होतं, जंतुसंसर्ग लवकर होतो. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याकडे ते जनुक नसेल तर सहसा कुठलंही मूल रुग्ण होत नाही. एक रुग्ण आणि एक वाहक असेल तर निम्मी शक्यता.

इथं प्रत्येक आकड्यामागं कारण आहे, आणि ते कुठल्याही पंचांगाप्रमाणे बदलत नाही. तपासणीला बोटातून किंवा शिरेतून थोडंसं रक्त लागतं. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते, ती सकारात्मक आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून वाहक की रुग्ण हे पक्कं करतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून २०४७पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचं ठरलं आहे. तपासलेल्याला कार्ड मिळतं. साक्षगंधाआधी दोन टिपणांऐवजी ही दोन कार्डं शेजारी ठेवली तर त्या घरात पुढच्या पिढीचं किती दुःख वाचेल, याचा हिशेब कुणीही करू शकतो.

मात्र या कार्डाचा नवा मंगळ होऊ देऊ नका. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे आणि तो मुलीचा दोष तर मुळीच नाही. रुग्ण मूल होण्यासाठी दोघांकडचं जनुक लागतं, म्हणून तपासणी दोघांची व्हायला हवी, आणि ती बोलणी पक्की होण्याआधी व्हायला हवी. मांडव पडल्यावर कळलं तर बोट मुलीकडेच वळतं. दोन वाहकांना लग्न करायचंच असेल तर तेही त्यांना करता येतं. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करण्याची सोय आहे आणि समुपदेशक त्याची माहिती देतात. निर्णय त्या दोघांचा, कोष्टकाचा नाही.

ज्यांना गुण पाहण्यात समाधान वाटतं त्यांनी ते जरूर पाहावेत, पण सतरा आले म्हणून मनाला पटलेलं स्थळ सोडू नये आणि बत्तीस आले म्हणून मुलाचं व्यसन नजरेआड करू नये. आणि यंदा तुमच्या घरी कार्य असेल तर पाहुणे बोलणीला येण्याआधी मुलाला आणि मुलीला, दोघांनाही, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन सिकलसेलची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.